तिसरा मजला, लिफ्ट नाही आणि डॅशहंडचं पिल्लू: घ्यावं की नाही?

तिसरा_मजला

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

नवऱ्याच्या मित्राच्या कर्जतच्या घरी डॅशहंडला (तो लांबुडक्या अंगाचा, आखूड पायांचा कुत्रा) पिल्लं झालीत. आत्ता सहा आठवड्यांची आहेत. त्यातलं एक काळं-तपकिरी पिल्लू त्याने आमच्यासाठी राखून ठेवलंय. मुलगा नऊ वर्षांचा आहे. फोटो आल्या दिवशीच त्याने नाव ठेवून टाकलं: चकली. म्हणजे आता प्रश्न 'कुत्रा पाळायचा का' असा राहिलेला नाही, 'चकलीला कधी आणायचं' असा झालाय.

आमची परिस्थिती अशी. डोंबिवली पूर्व, जुनी सोसायटी, तिसरा मजला, लिफ्ट नाही. वन बीएचके, ग्रिलची छोटी बाल्कनी. नवरा सकाळी लोकल पकडतो तो रात्रीच उगवतो. मला आठवड्यातून दोन दिवस घरून काम, बाकी दिवस ठाण्याला. सासूबाई घरी असतात, पण गुडघ्यांमुळे जिना टाळतात. खालच्या फ्लॅटमध्ये तान्हं बाळ आहे.

ज्याला विचारावं तो म्हणतो, "लहान जात आहे, फ्लॅटला अगदी बेस्ट." मला हे पटतंही आणि पटतही नाही. ज्यांनी फ्लॅटमध्ये लहान कुत्रा, विशेषतः डॅशहंड पाळलाय, त्यांनी खरं खरं सांगा. रविवारपर्यंत मित्राला उत्तर द्यायचंय.

खवचट_काका

कुत्रा पाळणं सोपं आहे हो. सोसायटीचा सेक्रेटरी पाळणं अवघड. त्याला आधी बिस्कीट घाला.

सोनटक्का

आमच्याकडे डॅशहंड आहे, मादी, आठ वर्षांची. कोथरूडला पहिल्या मजल्यावर राहतो. आधी चांगलं सांगते, कारण पुढे बरंच वाईट सांगणार आहे.

केस आखूड, त्यामुळे विंचरणं-बिंचरणं फार नाही. अंगाला वास येत नाही म्हटलं तरी चालेल. उन्हाळ्यात पगसारखी धापा टाकत नाही. जागा अजिबात लागत नाही, दिवाणाच्या कोपऱ्यात पांघरुणाखाली गुडूप. माणसाचा लळा इतका की मी आंघोळीला गेले तर दाराबाहेर बसून राहते. नऊ वर्षांच्या मुलाला याहून चांगला सोबती मिळणं कठीण.

आता दुसरी बाजू. आवाज! छाती खोल आणि रुंद असते, त्यामुळे भुंकणं एवढ्याशा देहाला न शोभणारं. ही जात जर्मनीत शिकारीसाठी तयार झाली. बॅजर नावाचा प्राणी बिळात राहतो, त्याच्यामागे बिळात शिरायचं आणि आतून असं भुंकायचं की वर जमिनीवर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला कळावं कुत्रा कुठे आहे. म्हणजे भुंकणं ही त्याची खोड नाही, नोकरी आहे. तुमच्या जिन्यात पाऊल वाजलं की तो ड्यूटीवर हजर.

हट्टीपणाचंही तेच. बिळात एकट्याने निर्णय घ्यायचे असतात, मालकाला विचारायला वेळ नसतो. त्यामुळे 'ये' म्हटलं की येईल अशी अपेक्षा ठेवू नका. शी-शूचं वळण लागायला लॅब्रॅडॉरच्या मानाने खूप वेळ लागतो. पावसात तर बघायलाच नको. पोट जमिनीपासून चार बोटांवर, डबक्यातून चाललं की सगळं ओलं. आमची बया जुलैमध्ये दारातून बाहेर नाक काढते, आभाळ बघते आणि परत जाऊन झोपते. मग पोटात धरून ठेवते आणि शेवटी बाथरूमच्या पायपुसण्यावर करते.

उकरणं हा तिसरा छंद. कुंड्या, उशा, गादीचा कोपरा. गादी नवीन घेणार असाल तर थांबा.

दुपारचा_चहा

आमच्याकडे पग आहे, त्यामुळे थोडं त्याबद्दल. धाग्यावर पुढे कुणीतरी "मग पग घ्या" म्हणणारच.

हच या मोबाइल कंपनीच्या २००३ च्या जाहिरातीनंतर शहरांमध्ये पगची लाट आली. स्वभाव खरंच लाख. भुंकणं कमी, मुलांशी उत्तम, शेजारी खूश. पण चपट्या नाकामुळे श्वासाचा कायमचा त्रास. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड करतो, आणि ज्याला श्वासच नीट घेता येत नाही त्याने धापा कशा टाकायच्या? एप्रिल-मेमध्ये सकाळी सातनंतर आम्ही त्याला बाहेर नेत नाही. घरी दुपारभर एसी. डोळे बाहेर आलेले असल्यामुळे साधी खरचटही महागात पडते. सुरकुत्या रोज पुसायच्या, नाहीतर पावसाळ्यात बुरशी. नेदरलँड्सने २०१९ पासून अति आखूड नाकाच्या कुत्र्यांच्या पैदाशीवर कडक बंधनं आणली ती उगाच नाही.

थोडक्यात, फ्लॅट छोटा असला तरी चालेल, वीजबिल मोठं पाहिजे.

रानवारा

विकत काय, फुकट काय, जातिवंत कुत्रं कशाला? डोंबिवलीच्या कुठल्याही गल्लीत पावसाळ्यानंतर पिल्लं दिसतील. आपलं गावठी कुत्रं इथल्या हवेला सरावलेलं, आजार कमी, नाक सरळ, पाठ सरळ. घ्यायचं तर तेच घ्या.

सोनटक्का

@रानवारा, तत्त्वतः मान्य. पण ही पिल्लं जन्माला आलेली आहेत, त्यांनाही घर लागणारच आहे. आणि गावठी कुत्र्याला पळायला जागा आणि वेळ दोन्ही जास्त लागतं. वन बीएचकेत दिवसभर बंद ठेवलं तर तेही दार कुरतडेल.

रानवारा

पळायला जागा सगळ्यांनाच लागते, ताई. डॅशहंडला लागत नाही हा गैरसमज आहे. तो शिकारी कुत्रा आहे, सोफ्यावरचा नाही, हे तुम्हीच वर लिहिलंय.

सोनटक्का

हे मात्र खरं.

पशुवैद्य

नाशिकला प्रॅक्टिस करतो. धाग्यातला मुख्य प्रश्न मागे पडतोय म्हणून लिहितो.

'लहान म्हणजे फ्लॅटला योग्य' हे समीकरण डोक्यातून काढून टाका. ग्रेट डेनसारखे अवाढव्य कुत्रे फ्लॅटमध्ये दिवसभर घोरत पडलेले मी पाहतो आणि पाच किलोचे कुत्रे अख्ख्या मजल्याची झोप उडवतात. मी पिल्लू बघायला आलेल्या लोकांना विचारतो ते प्रश्न असे: घरात माणूस किती तास नसतो? कुत्र्याला खाली नेणार कोण, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, पावसात, तुम्ही तापाने फणफणलेले असताना? भिंतीपलीकडे कोण राहतं? घराचं मोजमाप मी सगळ्यात शेवटी विचारतो.

आता डॅशहंडची पाठ. पाय आखूड करणारी जी जनुकीय रचना आहे तीच मणक्यांमधल्या चकत्या लवकर कडक करते. चकती फुटून मज्जारज्जूवर दाब आला की मागचे पाय लुळे पडतात. साधारण चार-पाच डॅशहंडांमागे एकाला आयुष्यात कधी ना कधी हा त्रास होतो, बहुतेकदा ऐन उमेदीत, तीन ते सात वर्षांच्या दरम्यान. कुत्रा अचानक कण्हू लागला, पाठीची कमान केली, उडी मारायला कचरला, मागचे पाय अडखळले, तर 'उद्या बघू' म्हणायचं नाही. पाय पूर्ण गेले आणि वेदनेची जाणीवही गेली तर हातात थोडेच तास असतात.

तुमचा तिसरा मजला ऐकून सगळे म्हणतील, जिने म्हणजे पाठ गेली. मला ते इतकं सरळ वाटत नाही. यावर जे अभ्यास झालेत त्यांत माफक जिने चढणाऱ्या आणि रोज व्यवस्थित व्यायाम असलेल्या कुत्र्यांचं नुकसान झालेलं दिसत नाही, काही ठिकाणी तर उलटच दिसतं. माझ्या टेबलावर येणाऱ्या लुळ्या डॅशहंडांमध्ये समान गोष्ट असते ती वजन. तूप लावलेली पोळी, दुधात बुडवलेली बिस्किटं आणि रोजची दहा मिनिटांची फेरी. पाठीचे स्नायूच नसतात, मग लांबलचक कणा धरणार कोण? बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागल्या पाहिजेत, ही खूण लक्षात ठेवा.

तरीही पिल्लाला तीन मजले चढवू-उतरवू नका. उचलून न्या. उचलताना एक हात छातीखाली, दुसरा मागच्या पायांखाली, पाठ आडवी आणि सरळ. पुढच्या पायांना धरून उचलू नका, मुलाला हे पहिल्या दिवशी शिकवा. दिवाणाला उतार लावा. गुळगुळीत टाइल्सवर पाय घसरतात, तिथे सतरंज्या टाका. आणि गणित करा: पूर्ण वाढलेला स्टँडर्ड डॅशहंड नऊ-दहा किलोच्या वर जातो. मिनिएचर पाचेक किलोचा. कर्जतचे आई-बाप कुठल्या मापाचे आहेत ते बघा, पिल्लाचा फोटो बघून काही कळत नाही.

एक राहिलं. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका. २०१७ च्या पैदाशीच्या नियमांतही आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. आईकडून आणि भावंडांकडून ते चावण्याचा जोर आवरायला शिकतं.

तिसरा_मजला

डॉक्टर, मनापासून धन्यवाद. आई-बाप दोघेही स्टँडर्ड आहेत, आत्ताच विचारलं. बाप चार वर्षांचा, दहा किलोचा. म्हणजे भाजीची पिशवी, ऑफिसची बॅग आणि दहा किलोची चकली.

चावण्यावरून आठवलं, माझ्या बहिणीने कुठेतरी वाचलं की डॅशहंड सगळ्यात चावरा कुत्रा आहे. खरं का? भाचरं सारखी येत-जात असतात.

पशुवैद्य

अमेरिकेत २००८ साली प्रसिद्ध झालेला पाहणी-अभ्यास असणार तो. तीसेक जातींच्या हजारो मालकांना प्रश्न विचारले होते, त्यात माणसांवर धावून जाण्यात डॅशहंड आणि चिवावा वरच्या क्रमांकाला आले. पिटबुल, रॉटवायलर मागे. पण त्यात मालकांनी स्वतः सांगितलेली माहिती आहे. आणि लहान कुत्रा गुरगुरला की घरचे हसतात, व्हिडिओ काढतात. जर्मन शेफर्ड गुरगुरला की दुसऱ्या दिवशी ट्रेनर बोलावतात. लहान कुत्र्याला कुणी वळणच लावत नाही. भाचरांना एकच नियम: तो खात असताना आणि पांघरुणात असताना हात घालायचा नाही.

नियमावली

आमच्या सोसायटीत पाच वर्षं चेअरमन होतो. कायद्याची बाजू सांगतो, कारण याबद्दल व्हॉट्सॲपवर वाट्टेल ते फिरत असतं.

सोसायटी पाळीव कुत्र्याला बंदी घालू शकत नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची २०१५ ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत. त्यानुसार सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी तशी बंदी टिकत नाही. लिफ्ट असेल तर कुत्र्याला लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी वेगळे पैसेही मागता येत नाहीत. भुंकतो म्हणून हाकला, असंही म्हणता येत नाही. राज्यघटनेच्या कलम ५१अ (ग) मध्ये प्राणिमात्रांविषयी दया हे नागरिकाचं कर्तव्य म्हटलंय, त्याचा आधार दिला जातो.

तुमच्याकडून अपेक्षा: महापालिकेचा परवाना, त्यासाठी रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, सामाईक जागेत गळ्यात पट्टा आणि हातात दोरी, आणि शी उचलणं. मी चेअरमन असताना भुंकण्याच्या तक्रारींपेक्षा शीच्या तक्रारी कितीतरी जास्त आल्या. जुने वर्तमानपत्र आणि पिशवी बरोबर ठेवली तर निम्मा विरोध मावळतो.

पण कायदा तुमच्या बाजूने आहे म्हणजे खालच्या मजल्यावरचं बाळ झोपतं असं नाही. सासूबाईंना दिवसभर त्याच जिन्यात, त्याच माणसांत राहायचं आहे. आणण्याआधी खालच्यांशी बोला.

खवचट_काका

चेअरमनसाहेब एवढं समंजस बोलतात म्हणजे खरंच माजी आहेत.

टोरांटोकर

इथे सत्ताविसाव्या मजल्यावर कॉन्डोत (म्हणजे मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीत) राहतो, डॅशहंड आहे, मिनिएचर. तुमच्या आणि आमच्या अडचणी वेगळ्या असल्या तरी एक समान आहे, शेवटी सांगतो.

ऑन्टारियोत भाडेकराराच्या कागदात 'प्राणी पाळू नये' असं लिहिलं तरी त्याला किंमत नाही. पण कॉन्डोच्या स्वतःच्या घोषणापत्रात प्राण्यांवर बंधन असेल तर ते भाडेकरूलाही लागू होतं. कुठे एकच कुत्रा, कुठे पंचवीस पौंडांपर्यंतच. त्यामुळे इथले लोक आधी इमारतीचे कागद वाचतात, मग जात ठरवतात. लहान जातींना इथे एवढी मागणी असण्यामागे वजनाची ही अट आहे. कुत्र्याचा स्वभाव फ्लॅटला जुळतो की नाही याचा त्या अटीशी काही संबंध नाही.

लिफ्ट असली म्हणून सुटका नाही. सकाळी आठला तीन लिफ्ट, चारशे बिऱ्हाडं आणि कडेवर धरलेलं पिल्लू ज्याला आत्ता, याच क्षणी लागली आहे. हिवाळ्यात फुटपाथवर मीठ टाकतात, ते पंजांना झोंबतं. बर्फ सहा इंच पडला की आमच्या साहेबांचं पोट बर्फात. त्याला कोट आणि बूट घालण्यात जेवढा वेळ जातो तेवढा फिरण्यात जात नाही.

आता समान गोष्ट. आम्ही दोघं कामावर असताना तो कॉरिडॉरमधल्या प्रत्येक पावलाला भुंकतो. खालून कॉन्सिएर्जचा (इमारतीच्या स्वागतकक्षातल्या माणसाचा) फोन येतो. दुपारी पैसे देऊन कुत्रा फिरवणारी मुलगी ठेवली, दारापासून दूरच्या खोलीत त्याची गादी नेली, रेडिओ लावून ठेवला, तेव्हा कुठे कमी झालं. बंद नाही झालं. तुमचं दार थेट जिन्यात उघडतं ना? मग हा मुद्दा डॉक्टरांच्या पाठीच्या मुद्द्याच्या वर ठेवा.

दुपारचा_चहा

स्पिट्झबद्दल कुणीच बोललं नाही? आपल्याकडे ज्याला सगळे पॉमेरेनियन म्हणतात तो बहुतेक वेळा इंडियन स्पिट्झ असतो. आमच्या लहानपणी प्रत्येक चाळीत एक पांढरा 'टॉमी' असायचा तो. भुंकण्यात तोही कमी नाही, पण पाठ सरळ आणि इथल्या हवेत पिढ्यान् पिढ्या काढलेला.

सोनटक्का

आणि सोफ्यावर, पुरणपोळीवर, काळ्या पँटवर पांढरे केस. असो. अवांतर होतंय.

तिसरा_मजला, खर्चाचं कुणी बोललं नाही म्हणून. आहार, गोचिडांचं औषध, वार्षिक लसी हे नियमित. पिल्लाला सहा-आठ आठवड्यांपासून लसी सुरू होतात, तीन-चार आठवड्यांच्या अंतराने बूस्टर, साधारण तीन महिन्यांचं झालं की रेबीज. हा कोर्स पूर्ण होईपर्यंत जिथे बाकीची कुत्री फिरतात तिथे खाली सोडायचं नाही, पार्व्हो या जीवघेण्या साथीच्या रोगाची भीती असते. म्हणजे पहिले दोनेक महिने शी-शू घरातच. पावसाळ्यात गोचीडताप आणि लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). आणि सासूबाईंना सांगून ठेवा: कांदा-लसूण असलेली भाजी नाही, मनुका नाहीत, चॉकलेट नाही. प्रेमापोटी दिलं जातं आणि निस्तरायला डॉक्टर लागतो.

मोठं काही झालं तर तुमच्याकडे मुंबईचा पर्याय आहे. परळचं बैल-घोडा हॉस्पिटल आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं लहान प्राण्यांचं रुग्णालय २०२४ पासून सुरू झालंय. पण लुळा कुत्रा घेऊन डोंबिवलीहून तिथे पोचायचं म्हणजे टॅक्सी हाताशी पाहिजे.

पशुवैद्य

एक सुचवू का? मित्राकडे बाप कुत्रा आहे म्हणालात. शनिवार-रविवार तोच घरी आणून ठेवा. पिल्लू आणून काही कळणार नाही, पिल्लू सगळ्यांनाच आवडतं. तुम्हाला चौदा-पंधरा वर्षं राहायचंय ते मोठ्या कुत्र्याबरोबर. शक्य असेल तर सोमवारी तुम्ही दोघं कामावर जाईपर्यंत ठेवा. खरा दिवस सोमवार.

तिसरा_मजला

हे फारच छान. मित्राला विचारते.

खवचट_काका

पाहुणा आणायच्या आधी गाद्या वर ठेवा. सोनटक्काताईंनी सांगितलंय.

तिसरा_मजला

अपडेट देतेय, जरा लांबलं आहे.

मित्राने हसत हसत बंड्याला (बाप) शुक्रवारी रात्री आणून सोडलं, वर त्याची चादर आणि खाण्याचा डबा.

शनिवार स्वर्ग होता. मुलगा आणि बंड्या एका पांघरुणात. सासूबाई, ज्या "मला कुत्र्याचं काही जमणार नाही हो" म्हणत होत्या, त्या दुपारी त्याला मांडीशी घेऊन मालिका बघत होत्या. संध्याकाळी आम्ही सगळे त्याला घेऊन मैदानावर गेलो, तो वास घेत घेत इतका चालला की आम्हीच दमलो. रानवारा बरोबर आहेत, हा सोफ्यावरचा कुत्रा नव्हे.

पहाटे साडेपाचला दूधवाला आला. मग पेपरवाला. मग कचरेवाली. मग शाळेची मुलं. आमच्या जिन्यात एवढी माणसं ये-जा करतात हे मला इतक्या वर्षांत कळलं नव्हतं, बंड्याने एकेकाची नोंद घेतली. टोरांटोकरांचं म्हणणं अक्षरशः पटलं. रविवारी सकाळी खालच्या वहिनींशी जिन्यात बोलले, त्या म्हणाल्या, "बाळ उठतंय, पण असू दे, तुमच्याकडे पाहुणा आहे ना दोन दिवस." पाहुणा आहे म्हणूनच त्या सोसत होत्या, हे सांगायला नकोच.

आणि सोमवार. आम्ही दोघं गेल्यावर अकराच्या सुमारास बंड्या दाराशी जाऊन उभा राहिला. त्याला कर्जतला अंगणात जायची सवय. सासूबाईंना त्याला तीन मजले उतरवणं शक्यच नव्हतं. त्यांनी बाल्कनीचं दार उघडलं. तिथे त्याने कार्यक्रम उरकला, सासूबाईंनी बादलीभर पाणी ओतलं आणि आमच्या बाल्कनीचं पाणी जातं थेट खालच्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर. बाळाच्या लंगोटांवर.

आता तुम्हीच सांगा.

रात्री नवरा आणि मी बसलो. पाठ, जिने, चावरेपणा या सगळ्यावर उपाय दिसत होते. सकाळी अकरा ते संध्याकाळी सात या वेळेवर दिसला नाही. खाली फिरवायला माणूस ठेवावा म्हटलं तर आमच्या भागात विश्वासाचं कुणी मिळेना, आणि ज्याच्या जिवावर कुत्रा आणायचा तो माणूस महिन्याने सोडून गेला तर? सासूबाई म्हणाल्या, "मी करीन गं कसंतरी." त्यांच्या त्या 'कसंतरी'चीच मला भीती वाटली. चकलीच्या नादात त्या जिन्यात पडल्या तर मी कुणाला तोंड दाखवू?

मित्राला नाही म्हणून कळवलं.

सोनटक्का

वाईट वाटलं, पण निर्णय योग्य. मुलाचं काय?

तिसरा_मजला

रडला. मग रागावला, एक दिवस माझ्याशी बोलला नाही. आता त्याचं म्हणणं, आपण घर बदलू. लिफ्टवालं, तळमजल्याचं, अंगणाचं. बजेट विचारलं नाही त्याने.

रानवारा

एक मोठा, शांत, वय झालेला कुत्रा दत्तक घेता येईल. पाच-सहा वर्षांचा, वळण लागलेला. दिवसभर झोपतो. संस्थांमध्ये असे बरेच पडून असतात, सगळ्यांना पिल्लंच हवी असतात.

पशुवैद्य

@रानवारा, वय झालेल्या कुत्र्यालाही दुपारी खाली जावंच लागतं, पिल्लापेक्षा कमी वेळा एवढंच. मोठा निरोगी कुत्रा पाच-सहा तास कळ काढू शकतो, आठ-नऊ तास रोज काढायला लावणं बरं नाही. यांच्या घरात दुपारचा माणूस उभा राहीपर्यंत कुठलाच कुत्रा नको, गावठी नको की परदेशी नको. त्यांना घरून काम वाढवून मिळालं तर मला पुन्हा विचारा, मी स्वतः स्पिट्झ सुचवीन.

टोरांटोकर

डॉक्टरांशी सहमत. इथे लोक कुत्रा घेतात आणि मग त्याच्यासाठी दिवसा पाळणाघर शोधतात. पाळणाघराचं बिल बघून माझ्या वडिलांनी विचारलं होतं, "तुझ्या इंजिनिअरिंगला एवढा खर्च आला होता का रे?"

खवचट_काका

आला नव्हता. तेव्हा तुम्ही भुंकत नव्हतात.

माई_पेण

सगळा धागा वाचला. मी आणि हे दोघं निवृत्त, पेणला स्वतःचं बैठं घर, मागे अंगण, कंपाउंड पक्कं. आमचा म्हातारा कुत्रा गेल्या वर्षी गेला, तेव्हापासून ह्यांचं सकाळचं फिरणं बंद झालंय. पाठीचं वाचून जरा धास्ती वाटते, पण घराला पायऱ्या दोनच आहेत आणि वजनावर मी लक्ष ठेवीन, ह्यांच्याही ठेवते. ते पिल्लू अजून आहे का? मला अंगणात साप निघतात याचीच काळजी, डॅशहंड बिळात तोंड घालतो म्हणता.

पशुवैद्य

माई, ती काळजी रास्त आहे. पावसाळ्यात आणि अंधार पडल्यावर दोरीशिवाय अंगणात सोडू नका. कंपाउंडच्या कडेची बिळं बुजवा, लाकडं-विटांचा ढीग असेल तर हलवा. कंपाउंड खालूनही पक्कं आहे का ते बघा, हा कुत्रा वरून उडी मारत नाही, खालून उकरतो.

माई_पेण

ढीग आहे. हलवते.

तिसरा_मजला

माई, चकली आणि तिचा एक भाऊ अजून कर्जतलाच आहेत. मित्राचा नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आठ आठवडे पूर्ण झाल्याशिवाय तो पिल्लू देणार नाही, आणि आधी घर बघायला येणार म्हणतोय. मुलाला सांगितलं तर त्याने दोनच प्रश्न विचारले. नाव बदलणार का, आणि पेणला एसटी किती वाजता आहे.

माई_पेण

नाव तेच राहील. एसटीचं ह्यांना विचारून सांगते.